ऑनिंगची तीन सेंटीमीटरची फट

गेल्या वर्षी सप्टेंबरमधे लेक डिस्ट्रिक्टहून लीड्सला परत येत होतो. पेनरिथला एम ६ हायवेवर चढलो आणि आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, डाव्या अंगाने शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आधी वाटलं खिडकी नीट लागली नसेल, मग स्पीड वाढला तशी बारीक फडफड पण ऐकू यायला लागली, आणि मागे बसलेले बाबा म्हणाले अगं हा कापडाचा आवाज आहे. टीबे सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या थांब्याला, गाडी आत घेतली, उतरून बघितलं. ऑनिंगची, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताची, पुढची पट्टी मागच्या टोकाला पेटीत व्यवस्थित बसलेली, आणि पुढच्या टोकाला, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनकडे, दोन बोटं सहज जातील एवढी फट. गाडी पळते तेव्हा वारा नेमका तिथूनच आत शिरणार. पोटात गोळाच आला, कारण ते ऑनिंग हायवेवर उघडलं असतं तर मागच्या गाड्यांचं काय झालं असतं याचा विचारसुद्धा करवत नाही. दोन रॅचेट स्ट्रॅप (खटक्याने आवळायचे पट्टे) छतावरच्या रेलला अडकवून पट्टी आवळून बांधली आणि डाव्या लेनमधून हळूहळू घरी आलो. पुढचे तीन वीकेंड मी त्या फटीच्या मागे लागले होते, ते सगळं इथे लिहितेय, कारण मला स्वतःला तेव्हा मराठीत काय, इंग्लिशमधे पण एका जागी सलग असं काही मिळालं नाही.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी आधी हे काय असतं ते सांगते. मोटरहोमच्या दाराच्या बाजूला वरती एक लांब अ‍ॅल्युमिनियमची पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. आत एक रोलर, त्यावर गुंडाळलेलं व्हिनाइलचं कापड, कापडाच्या पुढच्या कडेला एक जड पट्टी, आणि ही पट्टी बाहेर ढकलणारे दोन स्प्रिंगचे आर्म, माणसाच्या हातासारखे कोपरात दुमडणारे. बाहेरून एक लांब हँडल हुकात अडकवून फिरवलं की रोलर फिरतो, कापड सुटतं, आणि स्प्रिंगमुळे आर्म आपोआप उलगडतात. बंद करताना उलटं, म्हणजे कापड गुंडाळलं जातं तसं ते पट्टीला ओढतं आणि आर्म दुमडले जातात. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, पट्टीला आत ओढणारं कापड सोडून दुसरं काहीही नसतं. ही गोष्ट डोक्यात बसली आणि मग बाकी सगळा उलगडा झाला.

आमची गाडी २००९ ची, आम्ही २०२१ मधे सेकंडहँड घेतली. साडेतीन टनाच्या आतली बघितली कारण आम्ही दोघांनी लायसन्स इथे येऊनच काढलं, आणि १९९७ नंतर ज्यांनी टेस्ट दिली त्यांना साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच चालवता येते. ऑनिंग आधीच्या मालकाने बसवलेलं, साडेतीन मीटर लांब, अडीच मीटर बाहेर येणारं. नुसतं हे धूड पंचवीस-तीस किलोचं आहे, म्हणजे साडेतीन टनात बसवताना याचं वजनसुद्धा मोजावं लागतं.

पहिल्याच उन्हाळ्यात व्हिटबीला एक चूक झाली होती ती पण सांगून टाकते. मुलगा हँडल फिरवत होता, कापड पूर्ण बाहेर आलं तरी तो फिरवतच राहिला, आणि रोलर न थांबता कापडाला उलट्या बाजूने गुंडाळायला लागला. कापड रोलरच्या वरून यायचं ते खालून यायला लागलं. गंमत अशी की पट्टी आत येत होती, बंद होतंय असंच वाटत होतं, फक्त शेवटी कॅसेटमधे बसेना. शेजारच्या जागेवर गाडी लावलेल्या एका आजोबांनी येऊन सांगितलं की हँडल उलटं फिरवा, आधी पूर्ण बाहेर जाऊ द्या आणि त्याच दिशेने फिरवत राहा, मग ते सरळ बाजूने आत येईल. तसंच झालं. तेव्हापासून मी कापडाच्या कडेला, शेवटची वीतभर जागा राहते तिथे, पर्मनंट मार्करने रेघ मारून ठेवली आहे, रेघ दिसली की हात थांबवायचा. खरं सांगायचं तर ज्याने कोणी हे उपकरण बनवलं त्याने ती रेघ फॅक्टरीतच छापायला हवी होती.

आता बॉरोडेल, म्हणजे लेक डिस्ट्रिक्टमधे आम्ही मुक्कामाला होतो ती जागा. केझिक गावाच्या दक्षिणेला ही दरी आहे, आणि तिच्या शेवटी सीथवेट नावाची चार घरांची वस्ती, इंग्लंडमधली सगळ्यात जास्त पावसाची वस्तीची जागा, वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर. जवळच्याच होनिस्टर घाटात डिसेंबर २०१५ च्या डेझमंड वादळात २४ तासांत ३४१.४ मिलीमीटर पाऊस पडला होता आणि तो ब्रिटनचा रेकॉर्ड आहे. आम्ही वाईचे, वरती महाबळेश्वरला वर्षाला ५,००० च्या वर पडतो ते लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे त्या आकड्यांचं मला काही विशेष वाटलं नव्हतं, आणि तिथेच चुकलं. वाईच्या पावसात आम्ही कौलाखाली असायचो, इथे एका कापडाखाली होतो.

संध्याकाळी भुरभुर होती, म्हणून ऑनिंग उघडंच ठेवलं, खाली खुर्च्या आणि बूट. पुढच्या पट्टीला टेकू द्यायला दोन पाय असतात, ते दोन्ही सारख्या उंचीवर लावले होते. दिसायला छान सरळ दिसत होतं, पण ज्या कापडावर पाणी पडणार आहे ते सरळ असून चालत नाही. रात्री पावसाने जोर धरला आणि मला कळलंच नाही. पहाटे पाचला बाबांना जाग आली, त्यांनी खिडकीतून बघितलं आणि मला हलवून उठवलं, "ऊठ, छताला झोळ पडलाय."

बाबांनी वाईला तीस वर्षं मंडपाचा धंदा केला. लग्नं, गणपती, जत्रा, सगळे मांडव त्यांनी बांधलेत, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर इथे आलेले असताना त्यांना त्या ऑनिंगबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, कारण कापड, पाणी आणि वारा इथेही तेच आणि तिथेही तेच. बाहेर जाऊन बघितलं तर पुढच्या टोकाकडे कापड पोटासारखं खाली आलेलं आणि त्यात पाणी डुचमळतंय. मी हिशोब केला, साडेतीन गुणिले अडीच म्हणजे पावणेनऊ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. फक्त दहा मिलीमीटर पाऊस पडला आणि वाहून गेला नाही तर ८७ किलो पाणी वर बसलं, एक पूर्ण वाढलेला माणूस कापडावर झोपल्यासारखा. बाबांनी झाडूच्या दांड्याला टॉवेल गुंडाळला आणि खालून हळूहळू वर रेटून पाणी कडेने काढलं, मांडवावर साठलेलं पाणी बांबूने काढतात तसंच. टॉवेल का, तर नुसत्या दांड्याचं टोक ताणलेल्या कापडात आरपार जातं. मग एक पाय वीतभर खाली केला, उतार झाला, आणि पुढचे दोन तास पाणी पन्हळीसारखं एका कोपऱ्यातून पडत राहिलं. पण तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं. त्या टोकाचं कापड ताणलं गेलं होतं, आणि सकाळी घाईघाईत ओलंच गुंडाळून निघालो तेव्हा शेवटी फट राहिली ती कोणी बघितलीच नाही.

घरी आल्यावर एका वर्कशॉपला दाखवलं. त्या माणसाने खालूनच बघितलं, दोन मिनिटं पण नाही, आणि म्हणाला हे जुनं झालंय, नवीनच घ्या, बसवण्यासकट हजार पाउंडांच्या वर जाईल. मला राग पैशाचा आला नाही. बिघाड काय आहे ते न बघता अख्खी वस्तू फेकून द्यायला सांगितलं, त्याचा आला. बाबा म्हणाले आपण आधी माप घेऊ, मग ठरवू.

तर पहिला शनिवार नुसता मापांचा. ड्राइव्हवेवर गाडी लेव्हलला लावली, ऑनिंग पूर्ण उघडलं, पाय लावले, आणि गाडीच्या भिंतीपासून पुढच्या पट्टीपर्यंत दोन्ही टोकांना टेप लावली. मागच्या टोकाला २ मीटर ४५, पुढच्या टोकाला २ मीटर ४८. तीन सेंटीमीटरचा फरक, आणि फट पण तीनच सेंटीमीटरची. मग अर्धं बंद करून परत मापलं, तेव्हाही तेवढाच. म्हणजे शेवटी कुठेतरी अडकतंय असं नव्हतं, पुढचं टोक पहिल्यापासूनच मागे राहत होतं. हे माप घेतलं नसतं तर आम्ही कॅसेटच्या तोंडाशीच ठोकाठोकी करत बसलो असतो.

तरी एकदम कापडावर आलो नाही, बाकीच्या शक्यता आधी बघून घेतल्या. पहिली म्हणजे कॅसेटच वाकडी बसली आहे का. स्टेपलॅडर लावून लेव्हल ठेवली, कॅसेट सरळ होती, पण कॅसेटला भिंतीशी धरणारा पुढचा ब्रॅकेट हाताने हलवल्यावर किंचित कुरकुरला. बोल्ट पाव फेरा ढिला होता आणि ब्रॅकेटभोवतीचं सीलंट वाळून तडकलं होतं. ऑनिंग सोडा, गाडीसाठीच हे जास्त धोक्याचं, कारण मोटरहोमची भिंत म्हणजे दोन पातळ थरांमधे फोम आणि लाकडाच्या पट्ट्या, पाणी एकदा आत शिरलं की लाकूड आतून कुजतं आणि बाहेर काही दिसत नाही. आतल्या बाजूने ओल मोजायचा डँप मीटर लावून बघितला, सुदैवाने कोरडं निघालं. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढलं (लोखंडी वापरली तर रंग जातो), स्पिरिटने पुसलं, नवीन भरलं, बोल्ट बेताने आवळला. बेताने अशासाठी की जास्त आवळला तर आतला फोम दबतो आणि भिंतीला खड्डा पडतो. हे काम ऑनिंगच्या यादीत नव्हतं, पण मला वाटतं त्या तीन आठवड्यांतलं सगळ्यात मोलाचं काम हेच झालं.

मग आर्म. इथे मी अगदी कळकळीने सांगते, या आर्ममधे दाबलेली स्प्रिंग असते. पुढची पट्टी किंवा आर्मचा जोड सोडवायचा असेल तर आधी आर्म दुमडलेल्या अवस्थेत पट्ट्याने घट्ट बांधायलाच हवा, नाहीतर तो सुटून माणसाच्या तोंडावर येतो, दात पडतील, डोळा जाईल. आम्ही आर्म उघडलाच नाही. फक्त आर्म पुढच्या पट्टीला जिथे जोडले आहेत ते दोन्ही जोड पट्टीच्या टोकापासून सारख्या अंतरावर आहेत ना ते मोजलं, कारण तो जोड खाचेत सरकला तर दोन्ही कोपरं सारखी दुमडत नाहीत. दोन मिलीमीटरचा फरक निघाला, स्क्रू पक्के होते, सोडून दिलं.

तिसरं म्हणजे कापड आडवं सरकलं आहे का, आणि ते होतं. बंद करताना रोलरकडे नीट बघितलं तर गुंडाळी एकावर एक सरळ बसत नव्हती, प्रत्येक वेढा थोडा थोडा पुढच्या टोकाकडे सरकत होता, दुर्बिणीची नळी बाहेर निघते तसा, आणि कापडाची कड शेवटच्या प्लॅस्टिकच्या टोपीला घासून तिचे दोरे निघायला लागले होते. कापडाच्या कडेला एक गोल दोरी शिवलेली असते, ती पट्टीच्या खाचेत सरकवून बसवतात आणि टोकाला एका छोट्या स्क्रूने अडवतात. आमच्याकडे तो स्क्रू पडून गेला होता, कधी पडला देव जाणे. खाचेत सिलिकॉनचा स्प्रे मारला, मी एका टोकाला, बाबा दुसऱ्या टोकाला, नवरा मधे कापड सैल धरून, आणि दीड सेंटीमीटर मागे ओढून घेतलं. नवीन स्टेनलेसचा स्क्रू लावला. निघालेले दोरे लायटरने जाळायचे नाहीत, व्हिनाइल आकसतं. कात्रीने कापले आणि दुरुस्तीची पारदर्शक टेप दुमडून लावली.

एवढं करून परत बंद केलं तर फट तीनाची अडीचवर आली. म्हणजे उरलेली कापडाच्या ताणाचीच होती.

आता मुख्य गोष्ट. ताणलेलं कापड परत आकसत नाही. मग त्या टोकाचं कापड बाकीच्यापेक्षा जास्त गुंडाळून घ्यायचं, एवढाच मार्ग उरतो. रोलर तर एकच, दोन्ही टोकं सारखेच फेरे घेणार. पण एका टोकाला रोलरची जाडी थोडी वाढवली तर तेवढ्याच फेऱ्यांत तिथे जास्त कापड ओढलं जाईल. घरांवरच्या ऑनिंगला पण कारागीर हेच करतात, रोलरवर पातळ पट्टी चिकटवतात. किती जाड पट्टी, तो हिशोब मी वहीत मांडला. आमचा रोलर साधारण ६५ मिलीमीटर व्यासाचा, म्हणजे घेर वीस सेंटीमीटर. अडीच मीटर कापड गुंडाळायला साधारण बारा फेरे. अर्धा मिलीमीटर जाडीची पट्टी पूर्ण घेराला लावली तर घेर तीन मिलीमीटरने वाढतो (दोन गुणिले ३.१४ गुणिले ०.५), म्हणजे दर फेऱ्याला तेवढं कापड जास्त ओढलं जातं, आणि बारा फेऱ्यांत ते होतात साधारण ३७-३८ मिलीमीटर. मला हवे होते पंचवीस. अर्धा मिलीमीटर जाडीने एवढा फरक पडतो हे कागदावर बघून मी दोनदा परत मांडलं, बाबांनी मात्र मान हलवली, म्हणाले सुतळीच्या रिळाला एका बाजूला गाठ राहिली की ते रीळ कसं वाकडं भरतं ते बघितलंय ना.

पट्टी जुन्या व्हिनाइलच्या तुकड्याची कापली, व्हर्नियरने मापली, अर्ध्या मिलीमीटरला थोडी कमी. पहिल्यांदा मास्किंग टेपने तात्पुरती लावली, पूर्ण घेर. ऑनिंग पूर्ण उघडल्यावर रोलरचा नळा दिसतो, तिथे पुढच्या टोकाकडच्या पाऊण फुटात. बंद केलं तर उलटंच, पुढचं टोक आधी येऊन बसलं आणि मागे सेंटीमीटरभर फट. हिशोब बरोबर होता, पट्टी जास्त झाली होती. मग घेरावर येणारी पट्टीची लांबी कमी केली, वीसऐवजी चौदा सेंटीमीटर. परत बंद. या वेळी दोन्ही टोकं एकत्र आली, खट्ट असा एकच आवाज. बाबा तिथेच पायरीवर बसले, म्हणाले चहा टाक.

मग ती पट्टी पक्की करताना एक सुधारणा केली. पट्टीची कड जिथे संपते तिथे कापडाला सुरकुती पडते आणि ती सुरकुती वर्षभर गुंडाळलेली राहिली की कायमची होते. म्हणून गाडीच्या मधल्या बाजूची कड तिरकी कापली, निमुळती, म्हणजे जाडी एकदम न संपता हळूहळू संपते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, गोंद लावला नाही, कारण पुढे काढावी लागली तर.

दुसरा वीकेंड धुण्यात गेला. बॉरोडेलहून ओलं गुंडाळून आणलेलं आम्ही लगेच उघडून वाळवायला हवं होतं, दोन दिवसांच्या आत, पण फटीच्या टेन्शनमधे आठवडा गेला आणि आतल्या बाजूला काळे ठिपके पडले. बाबांना याचं फार वाईट वाटलं. पावसाळ्यात मांडव उतरवला की ते गोडाऊनमधे दोऱ्या बांधून सगळी कापडं वाळत घालायचे, कितीही रात्र झालेली असली तरी, ओलं कापड घडी घालून ठेवणारा माणूस त्यांच्याकडे टिकला नाही. तर कोमट पाणी, भांडी घासायचं सौम्य लिक्विड अगदी थोडं, आणि मऊ ब्रश. ब्लीच नाही, ते शिवणीचा दोरा खातं आणि व्हिनाइल कडक करतं. प्रेशर वॉशर पण नाही, त्याने वरचा थर उडतो आणि शिवणीतून पाणी घुसतं. साबण लावून दहा मिनिटं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही, मग घासायचं, मग भरपूर पाण्याने, वरून आणि खालून दोन्हीकडून. नव्वद टक्के ठिपके गेले, काही पुसट डाग राहिले. लीड्सला ऑक्टोबरमधे कापड वाळवायला एक अख्खा दिवस गेला, दर अर्ध्या तासाने जाऊन शिवणीवर हात फिरवायचा, कारण मधला भाग वाळला तरी शिवण दुहेरी असल्यामुळे ओली राहते.

वाळत असताना खाली उभं राहून वर बघितलं तर उन्हात दोन बारीक भोकं चमकली. पाइनच्या सुया कापडावर पडलेल्या तशाच गुंडाळल्या गेल्या की त्या टोचत राहतात, त्यातून ही भोकं पडतात. वरच्या बाजूने पॅच लावला. आता बंद करण्याआधी लांब दांड्याच्या मऊ झाडूने वरचा कचरा झाडते, पाच मिनिटं लागतात.

वंगणाबद्दल पटकन. आर्मची कोपरं, पायांच्या सरकत्या नळ्या आणि त्यांचे खटके यांना कोरडा सिलिकॉन स्प्रे, फडक्यावर घेऊन पुसायचा, म्हणजे कापडावर उडत नाही. तेल किंवा ग्रीस लावलं तर त्यात वाळू बसते आणि ते पॉलिश पेपरसारखं घासतं, वर कापडाला डाग. आमच्या पायांच्या खटक्यांत व्हिटबीच्या बीचची वाळू अजून होती, टूथब्रशने काढली. हँडलचा गिअर बंद डब्यात असतो, त्याला हात लावला नाही. हँडल जड लागलं म्हणून जोर करून फिरवायचं नाही. जड लागतंय म्हणजे कुठेतरी कापड किंवा आर्म अडकलाय, थांबून बघायचं, जोर केला तर तो गिअरच दात गाळतो.

तिसऱ्या वीकेंडला बाबांना परत जायच्या आधी नॉर्थंबरलँडच्या किनाऱ्यावर नेलं, बँबराचा किल्ला दाखवायला, आणि ऑनिंगची परीक्षा पण घ्यायला. या वेळी उघडण्याची पद्धत नीट पाळली. मीटरभर बाहेर काढायचं, पुढच्या पट्टीत दुमडलेले दोन्ही पाय खाली घ्यायचे, मगच पुढे उघडायचं, कारण पाय न लावता पूर्ण उघडलं तर सगळा भार आर्मच्या सांध्यावर येतो. पुढचा पाय मागच्यापेक्षा वीतभर खाली, पाणी दाराकडे न येता केबिनच्या बाजूला पडेल असं. पायांना खुंट्या, आणि वरून आडवा वादळाचा पट्टा. बाबांनी खुंट्या सरळ न ठोकता गाडीपासून बाहेरच्या बाजूला तिरक्या ठोकायला लावल्या, सरळ खुंटी ओढीबरोबर वर निघून येते.

त्या किनाऱ्यावर वारा कधी वाढेल सांगता येत नाही. आम्ही ठरवलंय की बोफर्टच्या मापात ४ नंबरचा वारा, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, धूळ आणि कागद उडायला लागतात आणि झाडांच्या बारीक फांद्या हलतात, तो आला की ऑनिंग बंद. ५ नंबरची वाट बघायची नाही. आणि किल्ला बघायला निघालो तेव्हा वारा अजिबात नव्हता तरी बंद करूनच गेलो. शेजारी एका जोडप्याने उघडं ठेवलं होतं, परत आलो तेव्हा त्यांचं एका बाजूने उलटून गाडीच्या छतावर गेलेलं होतं, आर्म वाकलेला, आणि ते बिचारे पाय धरून उभे. नवरा आणि बाबा जाऊन मदतीला लागले, चौघांनी मिळून कसंबसं खाली आणलं.

संध्याकाळी आमचं बंद करताना मी हँडलवर, बाबा पुढच्या टोकाला. शेवटचा हातभर राहिला की मी थांबते आणि दोन्ही टोकांना बघते, मगच पुढचे फेरे. दोन्हीकडे सारखं होतं. घरी येताना ए १ वर ताशी साठ मैलांनी आलो, डाव्या अंगाने आवाज नाही.

यंदा एप्रिलमधे सीझनचं पहिलं उघडलं तेव्हा टेप परत लावली. मागे २ मीटर ४५, पुढे २ मीटर ४८, म्हणजे कापड आणखी ताणलेलं नाही. पट्टी जागेवर होती, टेपची एक कड किंचित सुटली होती, ती बदलली, आणि तिरक्या कडेपाशी सुरकुती नव्हती. मधल्या शिवणीचा दोरा मात्र दोन ठिकाणी विरलाय, तिथे सीम सीलर (शिवणीतून पाणी अडवणारं द्रव) लावलाय, आणि कापडाची लांबी-रुंदी, दोरीचा व्यास आणि रोलरच्या खाचेचं माप फोनमधे लिहून ठेवलंय, कारण पुढच्या एक-दोन वर्षांत नुसतं कापड बदलावं लागेल. कॅसेट आणि आर्म अजून ठणठणीत आहेत, ते मी बदलणार नाही.